शाहिरांच्या वहीला चाल लावताना

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

दिवंगत शाहिरांच्या अप्रकाशित कवनांना तू चाली लावणार हे वाचून फार आनंद झाला. पेटी मात्र लगेच उघडू नकोस. आधी वहीच्या पानापानाचे पाठपोट फोटो काढ, समाससुद्धा त्यात आला पाहिजे. बरेच शाहीर कवनाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या जुन्या गाण्याचं नाव लिहून ठेवतात. ती चाल तुला नको असली, तरी शब्द कोणत्या लयीत सुचले ते तिथे कळतं.

चाल लिहिलेली नसेल तर हळहळू नकोस. अमेरिकेतले लोकगायक वुडी गथ्री १९६७ साली गेले. त्यांनी मागे ठेवलेल्या कितीतरी गीतांच्या चाली कुठेच नोंदलेल्या नव्हत्या. त्यांच्या मुलीने ती गीतं इंग्लंडमधले गायक बिली ब्रॅग यांच्या हाती सोपवली. ब्रॅग आणि विल्को नावाचा अमेरिकन बँड यांनी केलेल्या नव्या चालींत त्यांतली काही १९९८ साली लोकांपुढे आली.

मग कवनं उतरवून काढ, पण शुद्धलेखन सुधारू नकोस. समज, ओळ आहे ‘विहिर आटली, मोट थांबली’. नियमाने ‘विहीर’ केलंस की पहिल्या तुकड्यात नऊ मात्रा होतात. ऱ्हस्व ‘हि’ ठेवलास तर आठ आणि आठ, आठ मात्रांच्या केरवा तालाची दोन आवर्तनं बरोबर भरतात. शाहिराने तो ऱ्हस्व चुकून लिहिलेला नसतो.

आता टाळी देत ओळ नुसती म्हण. समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, उचललीस तर जोर ‘विहिर’ आणि ‘मोट’ यांवर येतो. सहाव्या मात्रेपासून उचललीस तर ‘विहिर’च्या तीन मात्रा आधी संपतात आणि ‘आटली’ समेवर येतं, पुढे ‘थांबली’सुद्धा. मला हा दुसरा उठाव जास्त पटतो, कारण दुःख आटण्यात आहे. असा निर्णय प्रत्येक ओळीत आधी घे, सूर नंतर. सुंदर चाल आधी सुचली की शब्द तिच्यात कोंबले जातात. मग ‘गं’, ‘रं’, ‘हो’ असे भरीचे शब्द घुसतात आणि पुढे ते शाहिरांचेच समजले जातात. झीलकऱ्यांचं, म्हणजे मागे साथीने गाणाऱ्यांचं, ‘जी जी’ घ्यायचं असेल तर खुशाल घे, पण वहीच्या प्रतीत लिहू नकोस.

पालुपद पाच-सहा सुरांतच ठेव, झीलकऱ्यांना ते दमछाक न होता पुन्हा पुन्हा म्हणायचं असतं. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, कडव्यासाठी राखून ठेव. पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला सा धरून गायचं ते, आधी गायिकेला विचार. ढोलकीची शाईची बाजू आणि तुणतुण्याची तार त्याच षड्जाला लावायची असते, ऐनवेळी पट्टी बदलली की सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

कवन लांबलं तर अख्खं कडवं गाळ, पण दोन कडव्यांच्या ओळी जोडून तिसरं करू नकोस. एकाच कडव्याचे दोन खर्डे असले तर एकच निवड. शेवटचं नाममुद्रेचं, म्हणजे कवीचं नाव गुंफलेलं, कडवं कधीही गाळू नकोस. वेळ वाचवायला लोक नेमकं तेच कापतात आणि कवीचं नाव गाण्यातून जातं. फाटलेल्या पानावरची ओळ स्वतः रचून भरू नकोस. तिथे ढोलकीचा तुकडा वाजू दे.

कागद ज्याच्या घरी आहेत, शब्दांचा हक्क त्याचाच असेल असं नाही. बहुधा तो वारसांचा असतो. कवीच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या कवितेवरचा हक्क १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणून सर्व वारसांच्या सह्यांचं पत्र घे. कोणती कवनं, कशासाठी, मोबदल्याची वाटणी कशी, शब्द त्यांचे आणि संगीत तुझं, हे त्यात स्पष्ट हवं. श्रेयात ‘पारंपरिक’ लिहिणं हा सरळ अन्याय आहे.

वाद्यमेळ बांधण्याआधी नुसता आवाज आणि तुणतुणं एवढंच ध्वनिमुद्रित करून वारसांना ऐकव. त्यांच्या बोलीतला एखादा उच्चार तू चुकीचा धरला असशील तर तो तेव्हाच सुधारता येतो.

तुझे,
बाबा