मुक्तिनाथच्या जाहिरातीत उंचीही छापावी

महोदय,

दिवाळीची सुट्टी जवळ आली की काठमांडू, पोखरा आणि मुक्तिनाथ मोजक्या दिवसांत घडवणाऱ्या स्वस्त सहलींची पत्रके आपल्या पुण्यातील सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर झळकू लागतात. दर परवडणारा असतो, परंतु ही काटकसर नेमकी कशात केली आहे, याचा उल्लेख पत्रकात नसतो. पोखरा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, तर मुक्तिनाथचे मंदिर सुमारे ३,७०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंच. वाटेतील जोमसोमचा मुक्काम गाळला, की सकाळी पोखऱ्याहून निघालेले आजी-आजोबा त्याच रात्री मंदिराच्या पायथ्याशी राणीपौवा येथे झोपतात, आणि मग डोकेदुखी, मळमळ व धाप या विरळ हवेच्या त्रासाला ‘प्रवासाचा शीण’ म्हणून गोळी दिली जाते. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांचा दम चांगला असतो हे खरे. पण विरळ हवा सवयीची व्हायला त्यांनाही वेळ द्यावाच लागतो.

काटकसर करायचीच, तर ती प्रवासात करता येते. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तेथून रस्त्याने सुनौलीची सीमा आणि पुढे भैरहवाहून बसने पोखरा, हा मार्ग वेळखाऊ असला तरी विमानापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, शिवाय लुंबिनीही वाटेजवळच आहे. व्हिसा लागत नाही. मात्र विमानाने जाणाऱ्या १५ ते ६५ वयोगटातील प्रवाशांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण त्यांचे आधार कार्ड तेथे ग्राह्य धरत नाहीत. आपल्या १०० रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून कायम असल्याने खर्चाचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

वाचलेल्या पैशांतून सुमारे २,७०० मीटरवरील जोमसोम किंवा जवळच्या मार्फा गावी एक-दोन रात्री राहावे, सकाळी वर जाऊन मंदिराच्या १०८ जलधारांचे व मुक्तिनाथाचे दर्शन घ्यावे आणि मुक्कामाला पुन्हा खाली यावे. त्या बर्फगार धारांखाली स्नान करण्याचा हट्ट हृदयविकार असलेल्यांनी तरी धरू नये. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारी वारा इतका सुटतो की जोमसोमची विमाने सकाळीच ये-जा करतात. त्यामुळे विमानाने जाणाऱ्यांनीही एक दिवस हाताशी राखावा.

आपल्या पर्यटन पुरवणीत अशा सहलींच्या जाहिराती घेताना दराशेजारी प्रत्येक मुक्कामाची उंची छापण्याचा आग्रह धरावा, ही विनंती.

— एक वाचक, कोथरूड, पुणे