ताई, त्या रात्री फोन वाजला

ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आमच्यासारख्या छोट्या टीम मुंबईत बऱ्याच आहेत आणि क्लाउडवरच्या सुरक्षेचे इशारे रात्रपाळीपर्यंत पोचवायची जी सोय तुम्ही करून दिलीत ती त्यांच्याही उपयोगी पडेल.

तुम्ही अंधेरीच्या आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आलात ते त्या प्रकारानंतर. कोडमध्ये राहून गेलेली एक अ‍ॅक्सेस की, म्हणजे खात्यात शिरायची गुप्त किल्ली, कुणाच्या तरी हाती लागली आणि शनिवार-रविवारात आमच्या एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) खात्यावर भलत्याच रीजनमध्ये, म्हणजे दुसऱ्याच भागातल्या डेटा सेंटरमध्ये, मशिन्स सुरू झाल्या. संशयास्पद हालचाली पकडणारं एडब्ल्यूएसचं गार्डड्यूटी आम्ही फक्त मुंबई रीजनमध्ये चालू केलं होतं, त्यामुळे तिकडचं काही कळलंच नाही. कळलं असतं तरी इशारे मेलवर जात होते, आणि सुट्टीत मेल कोण उघडतो? मी नव्या टूलचं कोटेशन मागवून ठेवलं होतं. तुम्ही ते बाजूला सारलंत आणि विचारलंत, "रात्रपाळीची मुलं कुठला स्क्रीन बघतात?"

झॅबिक्स, मी म्हणालो, सर्व्हरवर लक्ष ठेवायचं आमचं टूल.

"मग तिथेच आणू या सगळं."

पुढचे तीन शनिवार तुम्ही आमच्यासाठी दिलेत. सगळ्या रीजन्समध्ये गार्डड्यूटी सुरू केलंत, त्याचं प्रत्येक फाइंडिंग, म्हणजे इशारा, एडब्ल्यूएसच्या निरोप पोचवणाऱ्या इव्हेंटब्रिजमधून एका लहानशा लॅम्डाकडे (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) आणि तिथून झॅबिक्समध्ये आणलंत. सर्व्हरची डिस्क भरली की जो फोन वाजतो, तोच आता यासाठीही वाजतो. एक गोष्ट तर आम्हाला कधीच सापडली नसती. नवं फाइंडिंग साधारण 5 मिनिटांत पुढे जातं, पण तेच पुन्हा घडत राहिलं तर त्याची खबर मूळ सेटिंगप्रमाणे दर 6 तासांनी येते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना कळवायला आपल्याला मिळतात तेही 6 तासच. तुम्ही ते सेटिंग 15 मिनिटांवर आणलंत. लॉग 180 दिवस ठेवायची सोयही तेव्हाच केलीत, कारण क्लाउडट्रेलची, म्हणजे खात्यात कुणी काय केलं त्या एडब्ल्यूएसच्या नोंदवहीची, स्वतःची हिस्ट्री 90 दिवसांचीच असते.

आणि तो कागद! मॉनिटरच्या कडेला तुमच्या अक्षरात चिकटवलेला: 'लॉगमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), 5:30 मिळवा. अ‍ॅक्सेस की आधी इनअ‍ॅक्टिव्ह, डिलीट नंतर. मशीन बंद करण्याआधी डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत). मग फोन.'

गेल्या पावसाळ्यात रात्री 2:10 ला फोन वाजला. ड्यूटीवर आठ महिन्यांपूर्वी लागलेला एकटा मुलगा. मी डोंबिवलीला, लोकल बंद. त्याने कागदावरची एकेक ओळ केली आणि मगच मला उठवलं. पहिली गाडी पकडून मी पोचलो तेव्हा वहीत दोन रकाने आखून त्याने प्रत्येक गोष्टीची यूटीसी आणि आपली वेळ लिहून ठेवली होती. त्यावरूनच साडेसहाला सर्ट-इनला कळवलं. ग्राहकांच्या डेटापर्यंत कुणी पोचलं नव्हतं, हे लॉगवरून दाखवता आलं.

ताई, मनापासून आभार. मानधनाचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून ते पुन्हा काढत नाही. पण त्या मुलाला तुम्हाला भेटायचंय. येत्या शनिवारी जमेल का, तेवढं कळवा.