गॉडर्डची माघार आणि पनवेल

संपादक महोदय,

पनवेलात मी वर्षानुवर्षे इतिहास शिकवला. मराठ्यांनी इंग्रजांना नमवलेली वडगावची लढाई पोरांना तोंडपाठ. त्याच पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातला इंग्रज जनरल थॉमस गॉडर्ड मात्र कुणालाच ठाऊक नसे. बंगालची फौज घेऊन मध्य हिंदुस्थान तुडवत सुरत गाठणारा हा गडी कच्चा नव्हता, हे मान्यच. १७८०त त्याने अहमदाबाद घेतले, डिसेंबरात वसई. मग पुण्याच्या ओढीने बोरघाटात शिरला नि अडकला. मराठा सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांनी कोकणातल्या रसदेवर घाला घातला. एप्रिल १७८१मध्ये तो घाट ते पनवेल माघार घेत असताना मराठ्यांनी त्याला सळो की पळो केले. १७८३त मायदेशी परततानाच तो वारला. आमच्याकडे सेल्फी पॉइंट झकास आहेत. या माघारीची पाटी मला तरी कुठे दिसली नाही. नव्या सुशोभीकरणात तेवढी बसवा, आणि त्याला छळणाऱ्या मराठा सेनापती हरिपंत फडक्यांचे नाव गाळू नका.

— एक निवृत्त शिक्षक, पनवेल