पी. डी. जेम्स 'उशिरा' लिहायला लागल्या असं म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश रहस्यकथांवर काही आलं की शेरलॉक होम्स आणि अगाथा ख्रिस्तीच्या पुढे सहसा गाडी सरकत नाही. पी. डी. जेम्सचं नाव आलंच तर एका ओळीत, आणि ओळही ठरलेली, "उशिरा लिहायला लागलेली लेखिका". हे उशिरा म्हणणं मला फार खटकतं म्हणून हे पत्र.

पहिली कादंबरी 1962 ला आली तेव्हा बाईंनी चाळिशी ओलांडली होती हे खरं, पण आधीची वर्षं काय वाया गेली का? सोळाव्या वर्षी शाळा सुटली, नवरा डॉक्टर होता पण महायुद्धावरून आला तो मानसिक आजार घेऊनच, पदरात दोन मुली, मग घर चालवायला 1949 पासून लंडनला हॉस्पिटल बोर्डात नोकरी धरली आणि संध्याकाळी हॉस्पिटल प्रशासनाचे क्लास केले. लिखाण कधी, तर पहाटे उठून, ऑफिसला निघायच्या आधी.

आणि हीच नोकरी पुढे पुस्तकांत उतरली. 'अ माइंड टू मर्डर' मानसोपचार क्लिनिकमध्ये घडते, खून होतो तो तिथल्या प्रशासकीय अधिकारी बाईंचा आणि प्रेत सापडतं तळघरात, रेकॉर्डच्या खोलीत! आयुष्य फायलींत घालवलेल्या माणसालाच हे सुचणार. 1971 च्या 'श्राउड फॉर अ नाइटिंगेल'मध्ये नर्सिंगच्या विद्यार्थिनींना नळीतून अन्न कसं द्यायचं ते शिकवताहेत, एक मुलगी पेशंट झालीय आणि त्या अन्नातच विष, मी तो प्रसंग तीनदा वाचलाय आणि दर वेळी हात गार पडतात, कारण आधीचं सगळं इतकं रोजचं, इतकं शिस्तीचं आहे.

1964 ला नवरा गेला. 1968 पासून त्या ब्रिटनच्या गृहखात्यात, पोलिसांशी आणि गुन्हेगारीविषयक धोरणांशी संबंधित कामात. फॉरेन्सिक लॅबमधली 'डेथ ऑफ ॲन एक्स्पर्ट विटनेस' 1977 ची, म्हणजे नोकरीत असतानाचीच. नोकरी सोडली 1979 मध्ये आणि पुढच्याच वर्षी 'इनोसंट ब्लड'ने भरपूर पैसा दिला.

काही लोक म्हणतात की त्या खोलीचं, फर्निचरचं वर्णन पानंच्या पानं करतात, कंटाळा येतो. मलाही सुरुवातीला यायचा. नंतर कळलं की माणूस कसा आहे ते त्या त्याच्या खोलीवरून सांगताहेत, संशयित तोंड उघडायच्या आधीच आपल्याला अर्धा कळलेला असतो. ॲडम डॅल्ग्लिश हा त्यांचा डिटेक्टिव्ह स्कॉटलंड यार्डचा अधिकारी आणि कवीसुद्धा, त्याच्या 14 कादंबऱ्या, शेवटची 2008 ची.

पुढे हाऊस ऑफ लॉर्ड्सचं, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचं सदस्यत्व मिळालं, बीबीसीच्या नियामक मंडळावर गव्हर्नर झाल्या, ते सगळं असतंच. पण 2009 च्या शेवटी, 89 व्या वर्षी, बीबीसीच्याच रेडिओवर पाहुण्या संपादक म्हणून बसून त्यांनी बीबीसीच्या प्रमुखांना वरिष्ठांच्या पगारांबद्दल जे प्रश्न विचारले, एकदम शांतपणे, न चिडता, ते मला त्यांच्या कादंबरीतल्या चौकशीसारखेच वाटले.

तेव्हा जमलं तर त्यांच्या नोकरीच्या तीस वर्षांवर एक सविस्तर लेख छापा, आणि त्यात 'उशिरा' हा शब्द नको.

आपला,
एक नियमित वाचक