मंडपाचा खांब रोवण्याआधी गावची विहीर उपसा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होळी झाली की खानापूर, बेळगाव, हुक्केरी या भागातल्या गावांत यात्रांची धांदल सुरू होते. पंच मंडळींच्या बैठका, वर्गणी, रथाचे काम, देवी गदगेवर (यात्रेतल्या तिच्या बैठकीवर) विराजमान होण्याचा दिवस, घरांची रंगरंगोटी यांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात रोज येतात. कित्येक गावांत महालक्ष्मी यात्रा अनेक वर्षांच्या खंडानंतर भरते. त्यामुळे लेकी-जावई, सोयरे, मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी, चंदगड आणि गोव्याकडचे पाहुणे सगळेच येतात आणि आठवडाभर गाव फुलून जाते. या बातम्यांत पाण्याचा उल्लेख मात्र क्वचित दिसतो. यात्रा भरते ती चैत्र-वैशाखात, म्हणजे विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते तेव्हाच. एका पाहुण्यामागे पिणे, स्वयंपाक आणि धुणे-भांडी मिळून दिवसाला पंधरा-वीस लिटर धरले तरी दोन हजार माणसांना तीस-चाळीस हजार लिटर लागतात. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हा भार शेवटी जुन्या विहिरीवरच पडतो.

आपल्या पश्चिम भागाची एक अडचण नीट समजून घ्यायला हवी. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात तिथेच टंचाई असते. कारण जमीन जांभ्याची आहे. चिऱ्याचा दगड सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून लवकर मुरते आणि तितक्याच लवकर निघून जाते. ज्या वाटेने पावसाचे पाणी विहिरीत येते, त्याच वाटेने शौचालयाच्या शोषखड्ड्याचे आणि गटारीचे पाणीही येते. शौचालय विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावे असा सर्वसाधारण नियम आहे. चिऱ्याच्या जमिनीत तेवढे अंतर पुरेल असे धरून चालू नये. यात्रेसाठी तात्पुरती शौचालये उभारताना तर ती विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूलाच हवीत. मटणाच्या जेवणावळींचा टाकाऊ भागही ओढ्यात किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला न टाकता लांब खड्डा काढून पुरावा.

विहीर उपसण्याचे काम यात्रेआधी किमान पंधरा दिवस व्हावे. पाणी कमी असते म्हणून हा काळ सोयीचा, पण जीव जातात तेही याच कामात. जमिनीवर ठेवलेला पंप सहा-सात मीटरपेक्षा खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. मग लोक डिझेल इंजिन दोर लावून विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड खालीच साठून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. इंजिन बंद पडले म्हणून पाहायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत चांगली आहे, कारण प्राणवायू फार कमी असेल तर ज्योत विझते. पण कार्बन मोनॉक्साईड असला तरी ज्योत जळतच राहते. म्हणून डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीत उतरवायचेच नाही, हा नियम पंच मंडळींनी आधीच ठरवावा.

उपसा पाण्यात बुडणाऱ्या विजेच्या पंपाने करावा आणि माणूस आत उतरण्याआधी वीज मुख्य बटणापासून तोडावी. पंप चालू ठेवून पाण्यात उभे राहणे म्हणजे विजेच्या धक्क्याला बोलावणे. गाळ काढणाऱ्याच्या छातीला पट्टा आणि त्याला वरपर्यंत दोर असावा. तो ओढायला दोन धडधाकट माणसे कठड्याबाहेर थांबावीत. तो बोलायचा थांबला की त्यांनी दोर ओढायचा, स्वतः उतरायचे नाही.

गाळ निघाला की कठडा आणि ओटा तपासावा. कठडा पाऊण मीटरभर उंच हवा. त्याच्या भोवती निदान एक मीटर रुंदीचा सिमेंटचा ओटा, बाहेर उतार दिलेला, आणि सांडपाणी दूर नेणारी नाली असावी. ओट्याला भेग असेल तर पाय धुतलेले पाणी सरळ आत जाते. वळवाच्या पहिल्या सरीबरोबर आजूबाजूचे शेणही त्याच भेगेतून उतरते.

यानंतर औषध, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हे सर्वांना माहीत आहे, पण बहुतेक ठिकाणी चुकीचे केले जाते. विहिरीत पाणी किती आहे हे आधी मोजावे. गोल विहिरीचा आतला व्यास फुटांत घ्या, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग २२ ने. आलेला आकडा म्हणजे साधारण लिटर. बारा फूट व्यास आणि दहा फूट पाणी असेल तर सुमारे ३१,७०० लिटर होतात. रोजच्या शुद्धीकरणासाठी चांगल्या, ताज्या पावडरीचे प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साधारण ८० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर इतक्याने भागत नाही, कारण क्लोरीन गाळातच खर्च होतो. उपसल्यानंतरचे पहिले शुद्धीकरण मात्र जबर लागते. त्याच विहिरीला सुमारे पाच किलो पावडर टाकून बारा ते चोवीस तास पाणी कोणी भरू नये. नंतर वास अगदी मंद होईपर्यंत उपसा करावा. ते पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात सोडू नये.

पावडर कोरडी भुरभुरली की तिचे गोळे तळाला जातात आणि वर चुन्याचा पांढरा तवंग येतो. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवावी आणि मग बादली पाऊण भरून ढवळावी. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. पाच-दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरचे निवळ दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे, चुना टाकून द्यावा, म्हणजे पाणी जड होत नाही. ती बादली पाण्याच्या पातळीखाली सोडून वर-खाली हलवावी म्हणजे औषध तळापर्यंत मिसळते. हे रात्री, सगळ्यांचे पाणी भरून झाल्यावर करावे. सकाळी सात वाजता टाकून साडेसातला पाणी भरू देण्याला काही अर्थ नाही. निदान एक तास मिळालाच पाहिजे.

पोते किती जुने आहे हेही पाहा. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो. ओल, उजेड आणि हवा लागली की तो उडून जातो. पंचायतीच्या खोलीत गेल्या पावसाळ्यापासून उघडे पडलेले पोते म्हणजे जवळजवळ निव्वळ चुना. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सावलीत ठेवावी. महिन्याच्या पुड्या आधीच बांधून ठेवू नयेत, त्या त्या संध्याकाळी वजन करावे.

औषध पुरले की नाही हे वासावर ठरवू नये. एक तासानंतर ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन दाखवणाऱ्या रसायनाचे थेंब पाण्याच्या नमुन्यात टाकून पिवळा रंग येतो का पाहावा. रंग लगेच वाचावा, उशीर केला तर आकडा फसवा येतो. पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. यात्रेच्या दिवसांत ०.५ ठेवावा, कारण घराघरांत हंडे, पिंपे आणि ओगराळी अनेकांच्या हातून जातात. जलजीवन मिशन या घरोघरी नळाच्या सरकारी योजनेत गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांना यात्रा समितीत घ्यावे, नुसते सुवासिनींच्या रांगेत उभे करू नये. जंतूंच्या तपासणीसाठी एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) छोटी बाटली मिळते. तिच्यातले पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळे झाले तर ते पिण्यास अयोग्य. ही तपासणी औषध टाकण्याआधी करावी, क्लोरीन असलेल्या पाण्यात तिचा उपयोग नाही.

नळाच्या पाण्यालाही धोका आहे, आणि तो यात्रेच्या तयारीतूनच येतो. मंडपाचा खांब रोवताना पहार मारली जाते आणि खालची प्लास्टिकची नळी फुटते. रस्त्याच्या काँक्रीटसाठी जेसीबी फिरतो, फुटलेल्या नळीला सायकलची ट्यूब गुंडाळून वर माती ओढली जाते. पाणी चालू असताना गळती दिसते, बंद झाल्यावर मात्र नळीतला दाब जातो आणि त्याच फटीतून गटारीचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहिली बादली गढूळ येते ती यामुळे. नगर पंचायतीच्या आणि ग्राम पंचायतीच्या वॉटरमनला बरोबर घेऊन, नळ्या कुठून जातात त्यावर चुन्याने रेघ मारल्यावरच मंडपवाल्याला जागा आखून द्यावी. तात्पुरत्या नळांचे रबरी पाईप गटारीतून नेऊ नयेत. टँकर आला तर पाच हजार लिटरला वीस ग्रॅम पावडरीचे निवळ टाकून अर्धा-एक तास थांबावे, मगच तोटी उघडावी.

वळवाची सर यात्रेच्या मधल्या दिवशी आली तर त्या रात्री विहिरीत पुन्हा मोजून औषध पडलेच पाहिजे. ही जबाबदारी नावानिशी एका माणसाकडे असावी. “पंचायत बघेल” म्हटले की कोणीच बघत नाही. कोणते पाणी पिण्याचे आणि कोणते फक्त धुण्याचे, याचे फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत मोठ्या अक्षरांत हवेत. कोल्हापूरकडून येणाऱ्या आजीबाईला आणि धारवाडकडून येणाऱ्या पाहुण्याला ते सारखेच वाचता आले पाहिजेत.

मोठ्या मेळ्याआधी पाण्याचा विचार करण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा टिळकवाडीत प्रतिनिधींसाठी खास विहीर खोदली गेली. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही ओळखली जाते.

आपल्याकडे विनंती इतकीच की यात्रेच्या प्रत्येक बातमीखाली एक छोटी चौकट छापावी: विहीर कोणत्या तारखेला उपसली, पाणी कधी तपासले, निकाल काय आला आणि रोजच्या औषधाची जबाबदारी कोणत्या पंचाकडे आहे. वार्ताहरांनी रथाची उंची विचारताना हे चार प्रश्नही विचारावेत. तालुका पंचायतीनेही यात्रेची परवानगी देताना ध्वनिक्षेपक आणि बंदोबस्ताबरोबर पाण्याच्या तपासणीचा कागद मागावा.

आपला,
पाणीपुरवठ्याच्या कामाशी संबंधित एक वाचक
खानापूर तालुका, जि. बेळगाव