पेन्सिलीने लिहिलेल्या ६० मीटरबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण विजेचे नकाशे तपासणाऱ्याचे आभार सहसा कोणी मानत नाही. काम अडलं की मात्र पहिलं बोट त्याच्याकडेच जातं.

आमच्या साइटचे विजेचे हेच नकाशे तुमच्याआधीही तपासून झाले होते. तेव्हा त्यांवर दोन शेरे आले. पहिला, उत्तर दिशेचा बाण ठळक करावा. दुसरा, अर्थिंग नियमाप्रमाणे करावे. बाण ठळक करता येतो. पण कुठल्या सर्किटची अर्थिंग, कुठे कमी पडते आणि किती, हे कळल्याशिवाय वायरमनने नेमकं काय बदलायचं? असा शेरा लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते आणि धोका भिंतीत तसाच राहतो.

तुम्ही केबलच्या तक्त्यातली लांबी तशीच उचलली नाहीत. गच्चीवरच्या कॉम्प्रेसरच्या सर्किटपुढे ४० मीटर लिहिलं होतं. तुम्ही आर्किटेक्टचा नकाशा शेजारी ठेवून पट्टीने मार्ग मोजलात आणि समासात पेन्सिलीने मांडलंत: डीबीतून (वायरी वाटणाऱ्या पेटीतून) वर २, डक्टमधून १२, छताखालून ४०, तुळईला वळसा ४, खाली मशीनपर्यंत २. एकूण ६०. तक्त्यात फक्त सपाट नकाशावरचं अंतर होतं, उंची कोणी धरलीच नव्हती. सगळ्या शेऱ्यांत आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती ही बेरीज.

कारण दोष आला तर ब्रेकर वेळेत उडेल की नाही, हा निकालच त्या २० मीटरने फिरतो. फेजची वायर ६ चौरस मिमी, अर्थची ४ चौरस मिमी, दोन्ही तांब्याच्या. वायर तापलेली धरली तर दोघींचा मिळून रोध मीटरमागे सुमारे ९.२ मिलिओहम. डीबीपर्यंतचा लूप, म्हणजे फेजमधून जाऊन अर्थमधून परतणारी वाट, ०.२ ओहम. ४० मीटरला एकूण ०.५७ ओहम होतात, म्हणजे दोषाचा करंट (फेज मशीनच्या पत्र्याला लागली तर वाहणारा) सुमारे ४०० अँपिअर. ६० मीटरला ०.७५ ओहम, आणि करंट ३०५. त्या सर्किटला बसवलेला एमसीबी (आपोआप उडणारा ब्रेकर) ३२ अँपिअरचा, सी-कर्व्ह जातीचा. तो दहापटीला, म्हणजे ३२० अँपिअरला तत्काळ उडण्याची खात्री असते. त्याखाली उडेलही, न उडेलही. नाही उडाला तर आतली थर्मल पट्टी तापेपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढा वेळ मशीनच्या पत्र्यावर शंभरेक व्होल्ट उभे राहतात. आयईसी ६०३६४ हे वायरिंगचं आंतरराष्ट्रीय मानक अशा सर्किटचा पुरवठा तुटायला ०.४ सेकंद देतं. त्या सर्किटवर आरसीसीबीही (करंटची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर) नव्हता.

यातली गंमत अशी (तिला गंमत म्हणायचं तर) की व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत वाटेत होणारी व्होल्टची घट, ६० मीटरलाही ठीकच येतो. २० अँपिअरला ८.८ व्होल्ट, म्हणजे ३.८ टक्के. तो रकाना हिरवा दिसला की बहुतेक तपासणी तिथेच थांबते.

उपायही तुम्हीच सुचवलेत. आधी बी-कर्व्हचा, म्हणजे कमी करंटला उडणारा, एमसीबी लिहिलात आणि मग स्वतःच खोडलात, शेजारी टीप: ‘कॉम्प्रेसर आहे, चालू होताना उडेल.’ बरोबरच आहे. सुरुवातीला १२० अँपिअरच्या आसपास ओढणाऱ्या मोटरला ३२ चा बी-कर्व्ह तग धरेल याचा भरवसा नाही, तो ९६ पासूनच उडू शकतो. मग अर्थ वायर ६ चौरस मिमी करा, लूप ०.६४ वर येतो, असं लिहिलंत. पुरवठा पाच टक्के खाली आला तरी ३२० अँपिअर मिळण्यासाठी लूपची मर्यादा ०.६८ राहते, तेव्हा तिथेही हे बसतं. खोडलेली ओळ पुसून टाकली नाहीत, हे फार बरं केलंत. नाहीतर साइटवर कोणीतरी तीच युक्ती पुन्हा काढली असती.

बाकीचे शेरेही असेच नेमके. ६३० केव्हीए, ४ टक्के इम्पीडन्सच्या ट्रान्सफॉर्मरला लागून असलेल्या मुख्य पॅनेलमध्ये १० किलोअँपिअरपर्यंतचंच शॉर्टसर्किट तोडू शकणारे ब्रेकर दाखवले होते. ४०० व्होल्टला तिथे शॉर्टसर्किटचा करंट २२ ते २३ किलोअँपिअर येतो. एका ट्रेमध्ये सहा सर्किटं एकाच जुडीत बांधलेली आणि आजूबाजूला ४० अंश, या दोन्हींचे घटीचे गुणक ०.५७ गुणिले ०.८७, म्हणजे पीव्हीसी केबलची क्षमता निम्म्यावर. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकाच पट्टीवर जोडलेले. असे ब्रेकर विनाकारण उडत राहतात आणि मग कोणीतरी वैतागून आरसीसीबीच बायपास करतो. तुमची ही शेवटची ओळ वाचून आमचे वायरमन हसले, कारण हे असंच घडतं.

फायर पंपाचा पुरवठा मेन स्विचच्या नंतर घेतला होता. आग लागल्यावर अग्निशमन दल सगळ्यात आधी तोच स्विच पाडणार. तिथे तुम्ही लाल शाईने एक बाण काढून जोडणी मेनच्या आधी नेलीत, एवढंच. डिझायनरला टोमणा नाही, उद्गारचिन्ह नाही. इतका मजकूर, पण चूक कोणाची याबद्दल एक शब्दही नाही. असं वागणारी माणसं कचेऱ्यांत असतात, फक्त त्यांच्याबद्दल लिहिलं जात नाही. तुमच्या शेऱ्यांची प्रत आता साइटवर वायरमनच्या खोलीत लावली आहे.

सुधारित नकाशांत कॉम्प्रेसरची अर्थ वायर, मुख्य पॅनेलचे ब्रेकर आणि पंपाची जोडणी बदलली आहे. केबल दोन ट्रेंत विभागल्या आहेत, न्यूट्रल वेगळे केले आहेत. प्रत्येक मजल्यावर डक्टमधून केबल जिथे स्लॅब ओलांडते तिथली भोकं कशाने बंद करायची, हा तपशील अजून आलेला नाही. तो आला की तुमच्याकडेच पाठवू, आणि त्याआधी कुठलीही केबल वर चढवणार नाही.

आपली,
नकाशावरून वायरी ओढणारी मंडळी