सूचना : रविवारची बैठक आणि लेखिकांचे वाचन

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता नेहमीच्या जागी भरणाऱ्या बैठकीत, पडत्या काळात धीर देणाऱ्या लेखिकांच्या साहित्याचे वाचन होईल.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने करावी, असे ठरले आहे. १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर वाट्याला आलेली ताटातूट सांगतानाही त्यांना स्वतःवर हसता येते, आणि ते हसू रडण्याच्या अगदी लगत असल्यामुळेच वाचणाऱ्याला आपले ओझे हलके झाल्यासारखे वाटते. आईच्या आजारपणात तिच्या उशाशी रात्री जागवताना मी हा अनुभव घेतला आहे.

त्यानंतर बहिणाबाई चौधरींच्या कविता वाचल्या जातील. लिहितावाचता न येणाऱ्या बहिणाबाईंनी दळताकांडताना आणि शेतात राबताना रचलेली गाणी घरच्यांनी उतरवून घेतली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत पोहोचली. तव्याचा चटका सोसल्यावरच भाकर मिळते, हे त्यांनी चुलीपुढे बसून सांगितले आहे, व्यासपीठावरून नव्हे.

प्रत्येकाने आपल्या आवडत्या लेखिकेचे एखादे पान सोबत आणावे आणि पाच मिनिटांत वाचावे. भाषणे कृपया टाळावीत. मागील वेळी त्यातच चहा निवला होता.

‘स्मृतिचित्रे’ची मंडळाची प्रत, जिच्या मुखपृष्ठावर हळदीचा डाग आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती शनिवारपर्यंत परत करावी, ही विनंती.

– कार्यवाह